गाणं कुणी ऐकलं, कधी आणि कुठून

स्पॉटिफायवर खातं असलेल्या कुणालाही स्वतःचा ऐकण्याचा संपूर्ण इतिहास मागवता येतो. खात्याच्या गोपनीयतेच्या पानावर जाऊन अर्ज करायचा. कंपनी तीस दिवसांपर्यंतचा वेळ घेते आणि मग ईमेलने दुवा पाठवते. फाइल उघडली की एकेका गाण्याची नोंद दिसते. गाणं किती वाजता थांबलं, किती मिलिसेकंद वाजलं, फोनवर वाजलं की कॉम्प्युटरवर, कोणत्या देशात, कोणत्या आयपी पत्त्यावरून. ते सुरू कसं झालं आणि बंद का झालं, म्हणजे पूर्ण वाजून संपलं की ऐकणाऱ्याने मध्येच पुढचं गाणं लावलं, हेही त्यात असतं. अशा नोंदी हजारोंनी, खातं उघडल्याच्या दिवसापासूनच्या.

त्याच नोंदीत आणखी एक रकाना आहे: हे गाणं ‘प्रायव्हेट सेशन’मध्ये ऐकलं होतं का? ही सोय चालू केली की आपण काय ऐकतोय ते मित्रमंडळींना दिसत नाही. कंपनीच्या दप्तरी मात्र ते गाणं चढतंच, आणि ते इतरांपासून लपवून ऐकलं होतं हेही सोबत चढतं. याशिवाय कंपनीने आपल्याबद्दल बांधलेल्या अंदाजांची एक वेगळी फाइल मिळते. जाहिरातदारांसाठी श्रोत्यांचे जे गट पाडले जातात, त्यांतल्या कोणकोणत्या गटांत आपल्याला बसवलं आहे, ते तिथे वाचायला मिळतं.

‘गाण्यांचंच तर आहे, त्यात लपवायचं काय?’ हा यावरचा नेहमीचा सवाल. तो करणाऱ्याने महाराष्ट्रातल्या एखाद्या घराचं वर्ष डोळ्यांपुढे आणावं. एका फोनवर रोज पहाटे हरिपाठ लागतो आणि आषाढात अभंगांची संख्या वाढते. दुसऱ्या फोनवर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला दिवसभर भीमगीतं वाजतात. तिसऱ्यावर रमजानच्या रात्रींत नात, म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं. एकीच्या फोनवर अचानक गर्भसंस्काराचे मंत्र आणि वीणेच्या सुरावटी सुरू होतात, काही महिन्यांनी रात्री दोन वाजता अंगाई. किंवा अंगाई कधी लागतच नाही, सुरावटीही एके दिवशी बंद होतात. यांपैकी कुणीही कोणत्याही अर्जात धर्म, जात, गर्भारपण वा दुःख लिहून दिलेलं नाही. तरी ते सारं तारीखवार नोंदलं गेलं आहे.

आपल्याकडे गाणं हे जातीचं, पंथाचं, बोलीचं आणि गावाचं असतं. म्हणून ऐकलेल्या गाण्यांची यादी हा आरोग्याच्या कागदपत्रांइतकाच नाजूक दस्तऐवज आहे आणि कायद्याने त्याला तसंच वागवलं पाहिजे.

ही भीती कल्पनेतली नाही. गाण्यांवरून माणूस किती ओळखता येतो, हे खुद्द स्पॉटिफायच्या संशोधकांनीच तपासलं आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५,८०८ श्रोत्यांचं तीन महिन्यांचं ऐकणं घेतलं होतं, आणि त्यावरून स्वभावाची प्रमुख अंगं बऱ्यापैकी वर्तवता आली. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये, कंपनीला एक पेटंट मिळालं. माणसाच्या आवाजावरून त्याची मनःस्थिती, वय, लिंग आणि उच्चारांची ढब ओळखून गाणी सुचवण्याची ती कल्पना होती. ‘ॲक्सेस नाऊ’ ही डिजिटल हक्कांसाठी काम करणारी संस्था आणि तिच्यासोबत १८० हून अधिक संगीतकार व संघटना विरोधात उभ्या राहिल्या. हे तंत्र आम्ही वापरलेलं नाही आणि वापरण्याचा विचारही नाही, असं कंपनीने कळवलं. ते शब्द पाळले जावेत. पण कंपनीच्या पत्रातल्या आश्वासनावर कोट्यवधी लोकांची मनःस्थिती सोपवून ठेवणं हे काही संरक्षण नव्हे.

नोंदी एकदा जमा झाल्या की त्या आहेत तिथेच राहत नाहीत. डीझर या फ्रेंच कंपनीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिच्या श्रोत्यांची २०१९ मधली माहिती तिच्याकडून नव्हे, तर तिने ज्याला ती दिली होती अशा एका बाहेरच्या भागीदाराकडून फुटली. जगाला त्याचा पत्ता लागला २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये. सुमारे २३ कोटी खात्यांची नावं, ईमेल, जन्मतारखा, ठिकाणं आणि आयपी पत्ते त्यात होते. श्रोत्याचा करार डीझरशी होता. त्या भागीदाराचं नावही त्याने ऐकलेलं असण्याचं कारण नव्हतं. भारतात मे २०१५ मध्ये ‘गाना’ची यंत्रणा लाहोरच्या एका हॅकरने भेदली आणि एक कोटींहून अधिक वापरकर्त्यांची माहिती उघडी पडल्याच्या बातम्या आल्या. पैशांच्या व्यवहारांची माहिती गेलेली नाही, असा कंपनीचा खुलासा होता आणि सर्वांना पासवर्ड बदलायला लावले गेले. काही दिवसांत विषय मागे पडला.

चोरी ही निदान चोरी म्हणून ओळखता येते. राजीखुशीने होणारी देवाणघेवाण त्याहून कठीण. नोव्हेंबर २०१६ मध्ये स्पॉटिफायने जाहिरात क्षेत्रातल्या डब्ल्यूपीपी या बलाढ्य समूहाशी श्रोत्यांच्या सवयींच्या माहितीबाबत भागीदारी केली, तीही उघडपणे, पत्रक काढून. डिसेंबर २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिलं की फेसबुकने काही भागीदार कंपन्यांना वापरकर्त्यांचे खासगी संदेश वाचण्याचा, लिहिण्याचा, अगदी पुसण्याचाही मार्ग मोकळा ठेवला होता. त्या कंपन्यांत स्पॉटिफायही होती. आपल्याला इतका व्यापक प्रवेश आहे याची कल्पनाच नव्हती, असं स्पॉटिफायने सांगितलं. हे खरं मानलं तरी चिंता कमी होत नाही, उलट वाढते. दार उघडं आहे हे ज्याला ते उघडून दिलं त्यालाच ठाऊक नसेल, तर घरमालकाला कुठून कळणार?

जुलै २०२५ मध्ये ‘पनामा प्लेलिस्ट्स’ नावाने एका अनामिकाने अमेरिकेतल्या बड्या व्यक्तींच्या स्पॉटिफायवरच्या गाण्यांच्या याद्या जाहीर केल्या. उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स आणि ओपनएआयचे सॅम ऑल्टमन ही त्यांतली दोन नावं. आपली यादी खरी असल्याचं काही पत्रकारांनी मान्य केलं. इथे कुणी कुलूप तोडलं नव्हतं. प्लेलिस्ट मुळात सगळ्यांना दिसेल अशीच तयार होते, ती झाकायची तर वापरणाऱ्याने मुद्दाम झाकावी लागते. हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यात तंत्रज्ञानावर रोज लिहिणारी माणसंही होती.

कुणी काय पाहिलं वा ऐकलं याला संरक्षण देण्याची वेळ अमेरिकेवर याआधीही आली होती, आणि ती गोष्ट आज मुळातून आठवण्यासारखी आहे. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं गेलं. वॉशिंग्टनमधल्या एका साप्ताहिकाच्या पत्रकाराने ते ज्या दुकानातून व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणत, तिथून त्यांची यादी मिळवली आणि छापली. १४६ कॅसेट. यादीत खळबळजनक काहीच नव्हतं, साधेच चित्रपट होते. तरीही दोन्ही पक्षांचे लोकप्रतिनिधी हादरले, कारण अशी यादी प्रत्येकाचीच होती. पुढच्याच वर्षी कायदा झाला: ग्राहकाच्या संमतीशिवाय त्याने कोणते चित्रपट नेले हे दुकानदाराने कुणाला सांगायचं नाही. पण तो कायदा दृश्य माध्यमापुरता राहिला, गाणी त्यात आली नाहीत. मिशिगन राज्याने आपल्या कायद्यात पुस्तकं आणि ध्वनिमुद्रणंही घातली होती. त्या बळावर तिथल्या एका श्रोत्याने पँडोरा या संगीत सेवेला न्यायालयात खेचलं. आपण काय ऐकतो ते तिने आपल्याला न विचारता फेसबुकवर दाखवलं, ही त्याची तक्रार. २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की फुकट ऐकणाऱ्या या माणसाने गाणं विकत घेतलं नाही, भाड्याने घेतलं नाही की उसनं नेलं नाही, म्हणून कायद्याच्या भाषेत तो ग्राहकच नाही. कॅसेटच्या दुकानासाठी लिहिलेला कायदा अठ्ठावीस वर्षांनी अशा रीतीने निकामी ठरला.

युरोपातला कायदा अधिक कडक आहे, पण त्याची गती पाहा. ऑस्ट्रियातल्या ‘नॉयब’ या संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये तक्रार केली की स्पॉटिफाय मागणाऱ्याला त्याची माहिती नीट देत नाही. स्वीडनच्या नियामकाने कंपनीला ५ कोटी ८० लाख क्रोनरचा दंड ठोठावला तो जून २०२३ मध्ये, आणि तोही नियामकालाच न्यायालयात ओढल्यानंतर. माहितीचा उपयोग कशासाठी होतो, हे कंपनीने पुरेसं स्पष्ट सांगितलं नाही, हा ठपका होता. दुसरीकडे, ऑगस्ट २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने लिथुआनियातल्या एका प्रकरणात फार मोलाचं सूत्र घालून दिलं: एखाद्या साध्या माहितीवरून आडवळणाने नाजूक बाब उघड होत असेल, तर ती साधी माहितीही संवेदनशीलच समजावी. हरिपाठ, भीमगीतं आणि गर्भसंस्कार यांना हे सूत्र तंतोतंत लागू पडतं.

भारतात ते लागू करायला आधारच ठेवलेला नाही. २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विदा संरक्षण विधेयकात संवेदनशील माहितीचा स्वतंत्र वर्ग होता, आणि आरोग्यासोबत जात, जमात, धार्मिक व राजकीय श्रद्धा त्यात नावानिशी घातल्या होत्या. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात हा वर्ग उरला नाही. ज्या देशात आडनावावरून भाड्याचं घर नाकारलं जातं, त्या देशाच्या कायद्याने जातीची माहिती आणि बुटांचं माप एकाच रांगेत बसवावं, ही गंभीर चूक आहे.

हाच कायदा आणखी एक गोष्ट काढून घेणार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ अ नुसार निष्काळजीपणे माहिती फुटू देणाऱ्या कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येते. नव्या कायद्यात ते कलम वगळण्याची तरतूद आहे. मग दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकेल, पण तो सरकारच्या तिजोरीत जाईल. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काही पडणार नाही. श्रोत्याला आपल्या माहितीचा गोषवारा मागता येईल. युरोपातल्यासारखी पूर्ण प्रत देण्याचं बंधन कंपनीवर नाही.

कायद्यात चांगलं काही नाही असं मात्र नव्हे. आपली माहिती कोणकोणत्या कंपन्यांना दिली त्यांची नावं मागण्याचा हक्क त्यात आहे, आणि डीझरचा अनुभव पाहता तो मोठाच आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. ज्या कामासाठी संमती घेतली, त्या कामापुरतीच आवश्यक तेवढी माहिती घ्यावी, असंही बंधन आहे. हे बंधन भारतात विशेष महत्त्वाचं ठरतं, कारण इथे संगीताचं ॲप बहुधा एखाद्या मोठ्या घराण्याचा एक दरवाजा असतो. जिओसावन ज्या समूहाचं आहे, त्याच समूहाकडे मोबाइल सेवा, किराणा-कपड्यांची दुकानं आणि वित्तसेवा आहेत. गाणं ऐकण्यासाठी दिलेली संमती कर्जाच्या वा विम्याच्या टेबलापर्यंत पोहोचता कामा नये, आणि ती पोहोचत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपन्यांवरच हवी.

गाणी सुचवायची तर काही माहिती लागणारच, असं कंपन्या म्हणतात. बरोबर आहे. किशोरी आमोणकर ऐकणाऱ्याला मल्लिकार्जुन मन्सूर सुचवायचे, तर त्याने किशोरीताई ऐकल्या हे ठाऊक हवं. पण सहा वर्षांपूर्वी एका रात्री ते गाणं कोणत्या आयपी पत्त्यावरून ऐकलं आणि कोणत्या क्षणी बंद केलं, हे जपून ठेवण्याची त्यासाठी गरज नाही. महिन्याचे पैसे भरणाऱ्याचीही हीच नोंद होते, त्यामुळे ‘फुकट हवं तर किंमत मोजा’ हा युक्तिवादही टिकत नाही.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. श्रोत्याचे हक्क आणि कंपन्यांची कर्तव्यं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येतील. तोवरचा वेळ संसदेने संवेदनशील माहितीचा वर्ग कायद्यात परत आणण्यासाठी वापरावा, आणि त्यात जात, धर्म व आरोग्य उघड करणाऱ्या ऐकण्या-पाहण्याच्या नोंदींचा स्पष्ट उल्लेख असावा. महाराष्ट्राच्या खासदारांनी ही मागणी लावून धरायला हवी. श्रोत्यांना थांबण्याची गरज नाही. प्लेलिस्ट आजच झाकता येतात, फेसबुकची जोडणी तोडता येते, स्वतःचा इतिहास मागवून वाचता येतो. आणि कायद्याच्या पाचव्या कलमानुसार संमतीची सूचना आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचता येण्याची सोय कंपन्यांना द्यावी लागेल. त्या भाषांत मराठी आहे. ते कलम लागू झाल्यावर ज्या ॲपवर सूचना मराठीत मिळणार नाही, त्याच्याविरुद्ध मराठी माणसांनी विदा संरक्षण मंडळाकडे तक्रार नोंदवावी.