बालकथेतील पात्रे आणि तात्पर्याचा जाच

गेल्या दिवाळीच्या सुटीत राळेगावी एका स्नेह्यांच्या ओसरीवर चार मंडळी जमली होती. गावातील मुलांकरिता एक कपाटभर पुस्तके वर्गणी काढून घ्यावीत असा बेत होता व त्यांची यादी करण्याचे काम चालले होते. यादीत पऱ्या, राक्षस, बोलकी जनावरे व विचित्र देश यांची पुस्तके बरीच आहेत असे पाहून एका वयस्क व सुशिक्षित गृहस्थांनी हरकत घेतली. ‘यांतून मुलांनी घ्यायचे काय?’ असा त्यांचा रोकडा सवाल होता. गृहस्थ सज्जन आहेत, मुलांचे हितचिंतक आहेत. आणि नेमके म्हणूनच त्यांच्या मताचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते. दुर्जनाने मुलांचे पुस्तक हिरावले तर चार माणसे ओरड तरी करतात. सज्जनाने हिरावले तर सारे माना डोलावतात.

त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आजीबाई नातवंडांना भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगत होत्या. गोष्ट संपताच आमच्या गृहस्थांनी तिकडे वळून मुलांना विचारले, ‘सांगा पाहू, तात्पर्य काय?’ एका मुलाने शिकवल्याप्रमाणे ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ असे म्हणून टाकले. परंतु सहा वर्षांची एक मुलगी बराच वेळ गप्प बसून होती. ती हळूच म्हणाली, ‘आजी, मग वाघ उपाशीच राहिला का ग?’ त्यावर सारे हसले. आम्ही मात्र हसलो नाही. त्या ओसरीवर गोष्ट ज्याला खरोखर कळली असे एकच माणूस होते, व ते सहा वर्षांचे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तात्पर्य सांगणाऱ्या मुलाच्या लेखी वाघ म्हणजे केवळ ‘शक्ती’ व म्हातारी म्हणजे केवळ ‘युक्ती’. सिद्धांत सिद्ध झाला की दोघांचे काम संपले. भूमितीतील त्रिकोण जसा पाटीवरून पुसावा तसे त्यांना पुसून टाकावे. मुलीच्या लेखी वाघ हा वाघ होता. त्याला पोट होते, त्याने म्हातारीच्या शब्दावर विश्वास ठेवून वाट पाहिली होती, आणि तो फसला होता. ज्याच्यापासून भय वाटते त्याच्याही भुकेचा विचार मनात येणे, याहून मोठे शिक्षण कोणते तात्पर्य देणार आहे?

आमच्याकडील बालवाङ्मयाचा मूळ रोग हाच आहे. त्यात पात्रे नाहीत. पात्रांच्या जागी तात्पर्याचे हमाल आहेत. मराठीत मुलांकरिता छापील पुस्तके निघू लागली त्या काळी, 1828 साली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ व ‘इसापनीति’ ही पुस्तके बाहेर आली. त्या वेळी मराठी गद्य स्वतःच बाल्यावस्थेत होते. छत्र्यांचे उपकार आम्ही विसरत नाही. परंतु तेव्हा जी बोधाची वाट पडली तीच राजमार्ग समजून आपण जवळजवळ दोनशे वर्षे चालत राहिलो, हा दोष छत्र्यांचा नव्हे, आपला आहे.

कोणी म्हणेल, ही आपली जुनी परंपराच आहे. पंचतंत्र तरी नीतीकरिताच रचले गेले ना? फार चांगले. मग ते पंचतंत्र उघडूनच पाहू. विष्णुशर्म्याने तीन मंदबुद्धी राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी या गोष्टी सांगितल्या हे खरे. पण त्याने त्या ‘एक कावळा’, ‘एक उंदीर’, ‘एक कासव’ अशा सांगितल्या नाहीत. त्याच्या कावळ्याचे नाव लघुपतनक, उंदराचे हिरण्यक, कासवाचे मंथरक व हरिणाचे चित्रांग. सिंह पिंगलक आहे, बैल संजीवक आहे, आणि करटक व दमनक हे दोन कोल्हे तर असे आहेत की त्यांच्यासारखी माणसे वाचकाने स्वतःच्या कचेरीत पाहिलेली असतील. हिरण्यक बिळाबाहेर येण्यापूर्वी किती शंका काढतो, लघुपतनक त्याची मैत्री मिळवण्यासाठी किती गळ घालतो, हे सारे स्वभावाचे चित्रण आहे. मुलांसाठी ‘सोपे’ करताना आपल्या संपादकांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल तर ही नावे छाटून टाकली. स्वभाव गेले, संवाद गेले, आणि शिल्लक उरले ते शेवटचे एक वाक्य.

आणि त्या नीतीचे तरी काय? पहिल्या तंत्राच्या अखेरीस दमनकाच्या चहाडीने निरपराध संजीवक मारला जातो, पिंगलक हळहळतो, व दमनक मंत्रिपदावर सुखाने राहतो. येथे ‘तात्पर्य’ म्हणून मुलांनी वहीत काय उतरावे हे आमच्या गृहस्थांनी सांगावे! विष्णुशर्म्याला मुलांवर विश्वास होता. आपला तो उरलेला नाही, एवढाच भेद.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. लुइस कॅरलची ‘ॲलिस’ 1865 साली प्रसिद्ध झाली तेव्हा इंग्रजी बालवाङ्मयही उपदेशाच्या भाराने वाकलेले होते. कॅरलने काय केले? त्या काळी इंग्रज मुलांकडून घोकून घेतली जाणारी बोधपर पद्ये त्याने विडंबून टाकली. आणि प्रत्येक गोष्टीत तात्पर्य शोधणारी एक सरदारीणबाई निर्माण करून तिला खुद्द गोष्टीतच आणून बसवले. ती ॲलिसच्या खांद्यावर हनुवटी टेकून एकामागून एक तात्पर्ये सांगत सुटते, व ती टोकदार हनुवटी ॲलिसला बोचत राहते. तात्पर्याचा जाच याहून नेमका कोणी दाखवला असेल असे आम्हांस वाटत नाही. भा. रा. भागवतांनी हीच कथा ‘जाईची नवलकहाणी’ म्हणून मराठी वेषात आणली; ती ज्या घरी आहे त्या घरच्या मुलांचा आम्हांस हेवा वाटतो.

अमेरिकेत एल्. फ्रँक बॉम याने 1900 साली ओझ नामक देशाची कथा लिहिली व पुढे त्या देशावर एकूण चौदा कादंबऱ्या रचल्या. शेवटची 1920 साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. त्या देशातील प्रजा पाहा. आपल्याला मेंदू नाही अशी खंत करणारे आणि अडचणीच्या वेळी नेमकी तोड सुचवणारे एक बुजगावणे आहे. आपल्याला हृदय नाही असे म्हणणारा, पण पायाखाली किडा चिरडला म्हणून रडणारा पत्र्याचा लाकूडतोड्या आहे. एक भित्रा सिंह आहे. डोक्याच्या जागी भोपळा असलेला जॅक आहे, व आपले डोके कुजणार तर नाही ना या चिंतेने तो बिचारा ग्रासलेला आहे. आणि राळेगावच्या त्या मुलीला सांगण्याजोगी गोष्ट ही की, त्या देशात एक भुकेला वाघही आहे! गुटगुटीत बालके खावीत अशी त्याला अनिवार इच्छा होते, परंतु त्याची सदसद्विवेकबुद्धी आड येते. म्हणून तो सदैव उपाशी असतो. मुलीने विचारलेला प्रश्न एका थोर लेखकाला शंभर वर्षांपूर्वी पडला होता. तात्पर्य विचारणाऱ्यास तो कधीच पडला नसता.

तेथेही आमच्या गृहस्थांचे भाऊबंद होते. 1957 साली डेट्रॉइट येथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखांनी, ओझच्या पुस्तकांना काही मूल्य नाही, म्हणून ती मुलांच्या विभागात ठेवलेली नाहीत, असे उघड सांगितले. आज ते मत अपवादाचा मासला म्हणून सांगितले जाते, आणि ओझची पुस्तके घरोघर वाचली जातात.

आता हरकतींकडे वळू. पहिली हरकत अशी की एवढी पात्रे कशाला? एक आदर्श नायक पुरे. आमचे उत्तर असे की, एका नायकाच्या गोष्टीत एकच पाट मांडलेला असतो; त्यावर वर्गातील पहिला मुलगा बसतो व बाकीचे उभे राहतात. अनेक पात्रांची गोष्ट ही पंगत आहे. भित्र्या मुलाला तेथे भित्रा सिंह भेटतो, ‘तुला डोके नाही’ असे रोज ऐकणाऱ्याला बुजगावणे भेटते, तऱ्हेवाईक मुलाला त्याच्याहून तऱ्हेवाईक सोबती भेटतो. विंदा करंदीकरांसारख्या तत्त्वचिंतक कवीने ‘एटू लोकांचा देश’ वसवला, पिशीमावशीची दुनिया उभी केली, ती काही रिकामपणचा उद्योग म्हणून नव्हे. ज्यांना ज्ञानपीठाचा मान मिळाला त्यांना एटू लोकांमध्ये रमण्यात कमीपणा वाटला नाही, तो आपल्याला का वाटावा?

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. भुताखेतांच्या व चमत्कारांच्या गोष्टींनी अंधश्रद्धा वाढते. ज्या राज्यात 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तेथे हे विष मुलांना का पाजावे? या हरकतीमागील कळकळ आम्हांस मान्य आहे, निदान मात्र मान्य नाही. मांत्रिक आपली गोष्ट खरी म्हणून सांगतो व दक्षिणा मागतो. आजी ‘आटपाट नगर होते’ असे म्हणून आरंभीच कबुली देऊन टाकते. ते नगर नकाशात नाही हे आजीला ठाऊक असते, नातीलाही असते. खोटे कसे ओळखावे याचा पहिला पाठ त्या कबुलीतच आहे.

याचा दाखला आमच्या तालुक्यातच आहे. पांढरकवडा व राळेगाव या भागांत तेरा माणसांच्या मृत्यूस कारण ठरवली गेलेली टी-1 वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, 2 नोव्हेंबर 2018 रोजी रात्री बोराटीच्या परिसरात गोळी घालून मारण्यात आली. त्यापूर्वीच्या महिन्यांत आमच्या ओळखीच्या घरांतून दिवेलागणीपूर्वीच मुलांना आत घेत असत, व आत घेतल्यावर तीच भोपळ्याची गोष्ट सांगत असत. भोपळ्यात बसून शेतावर जावे असे एकाही मुलाच्या मनात आले नाही. रानातील वाघ निराळा व गोष्टीतील वाघ निराळा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. उलट ज्या वाघाचे नाव काढताच थोरांची बोबडी वळत होती, त्याच्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची एकच जागा मुलांना उरली होती, ती म्हणजे ही गोष्ट.

तिसरी हरकत त्या गृहस्थांनी शेवटी, जरा हळू आवाजात घेतली. ते म्हणाले, ‘आपला हा कापसाचा जिल्हा. येथे शेतकरी कर्जापायी जीव देतो. त्याच्या पोरांच्या हाती पऱ्यांची पुस्तके देणे ही क्रूर थट्टा नव्हे काय?’ यावर ओसरीवर काही वेळ कोणी बोलले नाही. आम्हांसही उत्तर तत्काळ सुचले नाही. ते सुचले घरी परतल्यावर, व तेही पुस्तकातून नव्हे, तर राळेगाव तालुक्यातीलच रावेरी गावावरून.

रावेरीस सीतेचे मंदिर आहे. त्यात राम नाही. त्यागिलेली सीता येथे राहिली, तिने लेकरांसाठी मूठभर गहू मागितले, गावाने ते दिले नाहीत, तेव्हा या शिवारात गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला, अशी आख्यायिका आहे. तेथेच हनुमंताची बांधलेली मूर्ती दाखवतात. त्याला लवकुशांनी बांधले असे सांगतात. कोणत्या पंडिताने ही कथा रचली? ती रचली त्या लोकांनी, ज्यांच्या घरी गहू नव्हते. टाकलेल्या आईच्या दोन पोरांनी अखिल बलाचा धनी असा हनुमंत बांधून घालावा, ही कल्पना भरल्या पोटाची करमणूक नव्हे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या मंदिराच्या जीर्णोद्धारात पुढाकार घेतला, कारण टाकलेल्या स्त्रियांच्या मानाचे ते ठिकाण आहे हे त्यांनी ओळखले. अर्थशास्त्र जाणणाऱ्या त्या पुरुषाला गोष्टीचे मोल कळले. ते आपल्याला कळू नये?

ज्याच्या घरी सर्व काही आहे त्याच्या मुलाला एटूंचा देश मिळाला नाही तरी त्याचे एक वेळ भागेल. ज्याच्या घरी एकच वाट, एकच चिंता व एकच बोलणे उरले आहे, त्याच्या मुलाला दुसरा देश, दुसरे सोबती व दुसरी बोली यांची गरज अधिक आहे. त्याला उपदेश तर सारे जग करीतच आहे.

बोधाचे आम्ही वैरी नाही. सानेगुरुजींच्या श्यामला त्याची आई पदोपदी काही शिकवते, पण तेथे श्याम आहे, आई आहे. माणसे जिवंत आहेत म्हणून बोध अंगी लागतो. आमचे म्हणणे एवढेच की पात्र आधी, बोध मागून. आणि मागून आला नाही तरी हरकत नाही.

तेव्हा आईबापांस व शिक्षकांस आमची विनंती आहे. पंचतंत्र सांगा, पण लघुपतनकाला त्याचे नाव परत द्या. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नका. विचारायचेच असेल तर ‘यांतला कोण आपल्या घरी जेवायला यावा?’ असे विचारा व उत्तर ऐका. आणि आमच्या या भागात गोंड व कोलाम यांच्या आज्या ज्या गोष्टी आपापल्या बोलीत सांगतात, त्यांतील पात्रांची नावे त्या आज्या हयात आहेत तोवर उतरून घ्या.

त्या कपाटाची यादी अजून पुरी झालेली नाही. आमचे सज्जन गृहस्थ आपल्या मतावर ठाम आहेत, आम्हीही आहोत. परंतु परवा आजीबाईंकडून असे कळले की, त्या मुलीने गोष्टीला स्वतःच एक पुरवणी जोडली आहे. म्हातारी घरी पोहोचते, आणि लेकीने दिलेल्या शिदोरीतला अर्धा वाटा रानाच्या कडेला ठेवून येते. तात्पर्य काय, ते तिने सांगितलेले नाही.