लांकडी खेळणीं घेतांना

उन्हाळ्याची सुटी लागून माहेरवाशिणी मुलांसह घरीं आल्या म्हणजे एका छपराखालीं पांचसात मुलें सहज जमतात. त्यांस खेळावयास काय द्यावें, हा प्रश्न मग आजीपासून आत्येपर्यंत सर्वांपुढें येतो. प्लास्टिकचीं खेळणीं चार दिवसांत मोडतात, आणि लांकडी घ्यावीं तर तीं महाग, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. शहरांतल्या सजविलेल्या दुकानांपुरती ती खरी आहे. परंतु महाग तेंच चांगलें, ही समजूत मात्र खरी नाहीं.

खेळणें कसें असावें याचा विचार आमच्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत बालसंगोपनाच्या ओघांत खेळण्यांचीं लक्षणें सांगितलीं आहेत. तीं चित्रविचित्र, नाद करणारीं व मनोहर असावींत, जड नसावींत, त्यांस तीक्ष्ण टोंकें नसावींत, तीं मुलाच्या तोंडांत शिरूं नयेत, तीं जीवास घातक अथवा भय उपजविणारीं नसावींत. हल्लींच्या सरकारी कसोट्या याहून फारशा निराळ्या नाहींत. रसायनांची व ज्वालाग्राहीपणाची तपासणी तेवढी वाढली आहे. चरकाच्या या यादींत किंमतीचें नांव नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.

महाराष्ट्रांत या जिनसांसाठीं नांवाजलेलें गांव म्हणजे सावंतवाडी. तेथील चितारआळींत भातुकली, भोंवरे, गाड्या आणि खऱ्यांचा भास करणारीं रंगीत फळें मिळतात. गोव्यास जाणाऱ्यांस वांकडी वाट फारशी पडत नाहीं, आणि करणाऱ्याच्याच हातून जिन्नस घेतां आला तर मधल्या दलालाचा नफा वांचतो. पांगाऱ्यासारख्या हलक्या लांकडाचीं फळें वजनाची अट सहज पुरी करतात. मात्र तीं वरून रंगविलेलीं असतात, आणि दांत येत असलेलें मूल हातीं येईल तें चावतें. तेव्हां हीं फळें पांच वर्षांच्या नातीच्या भातुकलींत शोभतील. पाळण्यांतल्या बाळासाठीं तीं नव्हेत.

बाळासाठीं लाखेचा खुळखुळा बरा. बंगळूर व म्हैसूर यांच्या वाटेवरील चन्नपट्टण गांव या कामासाठीं प्रसिद्ध आहे. तेथें काळ्या कुड्याचें मऊ, पांढरट लांकूड यंत्रावर फिरवून कातारी त्यास गोल आकार देतो. मग फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून अंगास बसते, आणि वाळल्या पानानें घांसून तिला चकाकी आणतात. कर्नाटक सरकारच्या कावेरी भांडारांत हीं खेळणीं मिळतात. पण लाखेंत रंग कोणता घातला आहे, वनस्पतिज कीं अन्य, हें विचारून घ्यावें. विक्रेत्यास सांगतां आलें नाहीं तर बिनरंगाचें खेळणें निवडावें.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचें झालें आहे. परंतु सरकारदरबारीं नोंद असलेल्या हस्तकारागिरांनीं केलेल्या व विकलेल्या मालास या नियमांतून सूट आहे. म्हणून चितारआळींतल्या भोंवऱ्यावर चिन्ह दिसलें नाहीं तर तो खोटा ठरत नाहीं. अशा वेळीं परीक्षा आपणच करावी. सर्व कडांवरून बोट फिरवून कुसळ लागतें का तें पाहावें, चाकें व खिळे ओढून पाहावे, ओल्या पांढऱ्या फडक्यानें घांसून रंग उतरतो का तें तपासावें. तीन वर्षांखालील मुलासाठीं सव्वा इंच रुंदीच्या नळींत मावेल असा कोणताहि सुटा भाग नको. गोळा किंवा चेंडू तर पावणेदोन इंचांहून मोठाच हवा.

येथें माळ्यावरच्या वस्तूंविषयीं लिहिणें अवश्य आहे. पुष्कळ घरांत आजोबांचा पांगुळगाडा किंवा आत्याची ठकी जपून ठेवलेली असते, आणि नवें मूल आलें कीं ती कौतुकानें खालीं काढतात. त्यांवर जुना तैलरंग असेल तर त्यांत शिसें असण्याचा बराच संभव आहे. घरगुती रंगांत दहा लाख भागांस ९० भागांहून अधिक शिसें नसावें, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. त्यापूर्वींच्या रंगाचा भरंवसा धरतां येत नाहीं. शिसें मुलाच्या बुद्धीच्या वाढीस बाधक होतें, आणि त्याचें थोडें प्रमाणहि निर्धोक मानीत नाहींत. वडील माणसांचें मन मोडतें खरें, पण असा गाडा मुलास देऊं नये. घरीं खरवडून नवा रंग देण्याचा खटाटोपहि करूं नये, कारण त्या धुळींतच विष असतें. ठकी कांचेच्या कपाटांत बसवावी. मुलें तिला तेथूनहि पाहतात.

खर्चाचा प्रश्न राहिला. मृच्छकटिकांतला रोहसेन शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून मातीच्या गाडीस नाक मुरडतो; वसंतसेना आपले दागिने त्या गाडींत भरते म्हणून प्रसंग निभावतो. आपल्या घरीं इतकी उदार पाहुणी येण्याचा योग कमीच! म्हणून प्रत्येक मुलास निरनिराळें भारी खेळणें घेऊं नये, सर्वांत मिळून थोडीं घ्यावींत. ओळखीच्या सुताराकडे सागाचे तुकडे उरलेले असतातच. ते बिनपॉलिशाचे, दोन-तीन इंचांचे कापवून घ्यावे आणि कांचकागदानें कडा गोल कराव्या. पन्नाससाठ ठोकळ्यांचा ढीग झाला कीं त्यांत देऊळ, पूल, आगगाडी सर्व निघतें. चांगल्या दुकानांतल्या एका डब्याच्या किंमतींत हें सहज बसतें, आणि भांडण झालेंच तर वांटून देण्यास सोपें.

हीं खेळणीं पाण्यांत भिजत घालूं नयेत. ओल्या फडक्यानें पुसून सावलींत वाळवावींत, आणि कोंकणांत राहणारांनीं पावसाळ्यांत बुरशी दिसतांच तीं कोरड्या जागीं हलवावींत.