तडा दिसेपर्यंत थांबा!

कला शाखेच्या विद्यार्थ्याने सायकलच्या क्रँकवर लेख लिहावा, याचे आमच्या प्राध्यापकवर्गाला नवल वाटेल. परंतु मैत्री, पाऊस आणि 'आजचा तरुण' या विषयांवर यंदाही भरपूर लेखन आले असणारच. तेव्हा एखादे पान यंत्राच्या वाट्याला गेले तर बिघडणार नाही. शिवाय हा प्रश्न यंत्राचा कमी आणि एका शब्दाचा अधिक आहे. तो शब्द म्हणजे 'वॉरंटी'.

पायडल आणि मधला आस यांना जोडणारा जो दांडा असतो, तो क्रँक. लांबी साधारण १७० मिलिमीटर. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीला तो भरीव पोलादाचा असतो आणि कॉटर पिनने आसाला अडकवलेला असतो. पिन झिजली की दर फेऱ्याला 'कट्' असा आवाज येतो. आपण दोन दिवस दुर्लक्ष करतो, तिसऱ्या दिवशी दुकानदार हातोडीने नवी पिन ठोकून देतो आणि गाडी पुढे चालू लागते. वजनाला हा प्रकार भारी खरा, पण तो आजारी पडला की आधी बोंब मारतो.

शर्यतीच्या सायकलीला हे वजन परवडत नाही. तिथे क्रँक अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि अ‍ॅल्युमिनियमची एक खोड आहे. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली ठेवला, तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही; ताण लहान असला तरी तो लाखो वेळा आला की धातू थकतो. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाला ४,८०० होतात, म्हणजे दोनशे तासांच्या रपेटीत साडेनऊ लाखांच्या वर! धातूच्या या थकव्याचा अभ्यास जर्मनीत व्होलरने एकोणिसाव्या शतकातच रेल्वेच्या आसांवर केला होता. १९५४ साली 'कॉमेट' जातीची दोन प्रवासी विमाने आकाशात फुटली, त्यामागेही हाच थकवा होता. तेव्हा ही गोष्ट कारखानदारांना ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही.

इटलीतील कॅम्पान्योलोचे जुने 'रेकॉर्ड' क्रँकही तडकत. दांडा आणि चेनव्हील धरणारी पाच बोटे जिथे मिळतात, त्या खाचेत केसासारखी रेघ उमटे. जाणते सायकलपटू तो धारदार कोपरा कानशीने घासून गोल करीत आणि दर काही दिवसांनी फडक्याने पुसून बारकाईने पाहत. तडा बाहेर होता, म्हणून पाहण्याला अर्थ होता. हे येथे मुद्दाम सांगितले, कारण पुढचे सारे गाऱ्हाणे यावर उभे आहे.

जपानच्या साकाई शहरात १९२१ साली सुरू झालेल्या शिमानो कंपनीने वजनावर वेगळा तोडगा काढला. क्रँक आतून पोकळ करायचा. तिच्या 'डुरा-एस' आणि 'अल्टेग्रा' या वरच्या श्रेणींत हा दांडा दोन भागांत घडवून ते भाग चिकटद्रव्याने जोडलेले होते. कल्पना सुरेख, आणि क्रँक उत्तम चालतही असे. परंतु काहींच्या बाबतीत जोड सुटू लागला. घाम, पाणी आणि रस्त्यावरचे मीठ आत शिरून जोड कुजतो, असे अनेक मेकॅनिकांचे निदान आहे. जोड सुटला की उरलेल्या पातळ भिंतीवर सगळा भार येतो आणि एखाद्या चढावर स्वार उभा राहून जोर लावतो तेव्हा दांडा मोडतो. पाय खाली जातो, आणि पाठोपाठ माणूस.

मोडक्या क्रँकची छायाचित्रे सायकलपटूंमध्ये कित्येक वर्षे फिरत होती. अखेर २१ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगामार्फत सूचना निघाली. अमेरिकेत सुमारे ६,८०,००० आणि कॅनडात सुमारे ८०,००० क्रँक तिच्या कक्षेत आले. जोड सुटल्याच्या ४,५१९ घटना कंपनीकडे नोंदल्या गेल्या होत्या. सहा जण जखमी झाले होते, त्यांत हाडे मोडलेलेही होते.

आता उपाय पाहा. १ जुलै २०१९ पूर्वी तयार झालेला क्रँक असेल तर सायकल वापरू नका, दुकानात न्या, दुकानदार तपासेल, जोड सुटल्याची किंवा थर उकलल्याची खूण दिसली तर नवा क्रँक फुकट मिळेल. आणि खूण दिसली नाही तर? तर तोच क्रँक घेऊन घरी जा.

माझा आक्षेप या 'तर'ला आहे. रोग आत आहे आणि तपासणी बाहेरून. जोड कोठे कुजू लागला आहे, हे दुकानातल्या पोऱ्याने दिव्याच्या उजेडात कसे ठरवायचे? आणि आज शाबूत दिसलेला जोड पुढच्या पावसाळ्यानंतर कसा असेल, याची हमी कोण देणार? ज्याने क्रँक घडवला त्याची जबाबदारी अशा रीतीने, ज्याने तो नुसता पाहिला त्याच्या डोळ्यांवर येऊन पडते. क्रँकच्या मागे दोन अक्षरांची खूण असते. 'केएफ' म्हणजे जून २०१२ आणि 'आरएफ' म्हणजे जून २०१९. या दोन खुणांमधला माल संशयित, असे कंपनीनेच ठरवले. रेषा महिन्यापर्यंत काटेकोर आखता येते, मग तिच्या आतला सगळाच माल सरसकट बदलून का दिला नाही?

याला उत्तर तयार असते : हजारी सहा मोडले, बाकीचे धडधाकट आहेत, सगळे बदलायचे म्हणजे केवढा खर्च आणि केवढा धातू वाया! हिशेब खोटा नाही. पण नोंद झाली तेवढ्याचाच तो हिशेब आहे. शिवाय फ्रीव्हील अडकणे वेगळे आणि क्रँक मोडणे वेगळे. उतारावर ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला हजारी सहाचा दिलासा कितपत पुरतो, ते त्यालाच विचारावे. सायकलपटूही धुतल्या तांदळासारखे नाहीत, हे मान्य. चाळीस-पन्नास ग्रॅम वाचवण्यासाठी हजारो रुपये मोजायचे आणि नाश्त्याला दोन वडे जास्त खायचे, हा प्रकार आपल्याकडेही दिसू लागला आहे. पण हलकेपणा त्याने मागितला असला, तरी विकणाऱ्याने तो बेभरवशाचा म्हणून विकला नव्हता.

वॉरंटीतली खरी मेख मात्र मला निराळीच वाटते. मोडलेला भाग एकेकट्याला बदलून मिळतो. ग्राहक खूश होतो, कंपनी चांगली म्हणून चार ठिकाणी सांगतो, आणि मोडका तुकडा परत जातो. असे चार हजार तुकडे परत गेले तरी चार हजार खूश ग्राहकांपैकी एकालाही दुसऱ्याचा पत्ता नसतो. बेरीज फक्त एकाच टेबलावर होते.

आपल्याकडे पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी राहिली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि २०१९ च्या नव्या कायद्यात 'उत्पादन-दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. लेखी हमी देताना आपण निष्काळजी नव्हतो, एवढे सिद्ध करून उत्पादक त्यातून सुटत नाही. घातक माल परत घेण्याचा आदेश देण्याचा अधिकारही केंद्रीय प्राधिकरणाला मिळाला आहे. त्यात आणखी एका नियमाची भर पडावी असे मला वाटते : वॉरंटीत बदलून दिलेल्या, अंगावर बेतू शकणाऱ्या प्रत्येक भागाची संख्या उत्पादकाने दरवर्षी प्रसिद्ध करावी. सायकलचा क्रँक, स्कूटरचा ब्रेक, स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर, सगळ्यांची. कंपनीच्या वहीत हे आकडे असतातच. ते फक्त छापायचे आहेत.