तिखट नसलेल्या मिरचीची बाजू

गेल्या रविवारी एक मित्र घरी आला होता. बाल्कनीतल्या बेडगीच्या झाडाकडे बघून म्हणाला, "तिखटच नसेल तर मिरची लावायची कशाला? आणि लावायचीच तर चांगलं हायब्रिड लाव की, दरवर्षी नवीन पाकीट मिळतं." एका दमात दोन गाढवपणे! चहा पिऊन तो गेला, पण माझं डोकं काही थंड होईना. म्हणून हा खटाटोप.

आधी तिखटाचं बघू. आपण लाल मिरचीच्या पुडीलाच 'तिखट' म्हणतो, त्यामुळे गैरसमज होणारच. पण मिरचीला रंग असतो, वास असतो, स्वतःची चव असते. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या या सुरकुतलेल्या बेडगीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही जिभेला चटका देते म्हणून नाही. ज्या लालभडक रश्श्याकडे बघून पुण्याच्या लोकांना घाम फुटतो, त्याचा रंग बऱ्याचदा हिचाच असतो. जाळ असतो लवंगीचा किंवा संकेश्वरीचा. 'आमच्याकडे पोरंसुद्धा ठेचा खातात' ही फुशारकी मला कधी कळलीच नाही. जीभ बधिर करून घेण्यात कसलं आलंय शौर्य?

आता हायब्रिड. शेतकरी हायब्रिड लावतो, त्याला माझा काही आक्षेप नाही. त्याचं पोट उत्पन्नावर आहे आणि रोग आला तर नुकसान त्याचं आहे. पण चार कुंड्यांवर आपलं कुणाचं पोट आहे? हायब्रिडचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, कारण मूळ आईबाप कंपनीकडे. आमच्या भाषेत सांगायचं तर तुम्हाला नुसती एक्झी फाईल मिळते, सोर्स कोड नाही. देशी सरळ वाणाचं तसं नाही. नीट बी धरलं तर पुढच्या वर्षी तीच मिरची.

'नीट' हा शब्द महत्त्वाचा आहे, मी स्वतः तोंड पोळून घेतलंय :-) पहिल्या वर्षी बेडगीला खेटून लवंगी लावली होती. शेजारी म्हणाले, आता बेडगी तिखट होणार. झाली नाही, आणि होणारही नव्हती. फळ आईच्या झाडाचं असतं, परागकण कुठूनही येवोत. पण आतल्या बीमध्ये दोघांचा संसार असतो ना! त्या बिया दुसऱ्या वर्षी लावल्या आणि आईने कौतुकाने मिरची भाजून तोंडात टाकली... पुढचं विचारू नका. आईला ॲसिडिटी आहे.

मिरची मुख्यतः स्वतःच्याच परागाने फळते, पण मधमाशा आपलं काम करतातच. उपाय फुकटचा आहे. फूल उमलायच्या आधी फांदीला मलमलीची पिशवी बांधा, अधूनमधून हलकेच हलवा, फळ धरलं की पिशवी काढून खुणेला दोरा बांधा. ते फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. बिया सावलीत वाळवा. दहा-बारा इंची कुंडी आणि रोज सहा तास ऊन एवढं पुरतं. पानं चुरडली तर आधी उलटी करून फुलकिडे बघा, उगाच खत ओतू नका. जास्त खताने नुसता पाला माजतो.

एवढा त्रास कशासाठी? माझ्या आजीच्या परसात एक पोपटी, जाड सालीची, बिनतिखट मिरची होती. भाजून, मीठ लावून भाकरीबरोबर खायचो. नाव विचारलं तर म्हणायची, "आपली मिरची". बी राखेत घालून डब्यात ठेवायची. आजी गेली, आम्ही सगळे शहरात नोकऱ्या करत होतो, डबा कुणी उघडलाच नाही. तीन-चार वर्षांनी मी उघडला. एकही बी रुजलं नाही. गुगलवर 'आपली मिरची' शोधून काय मिळणार?

२००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा आणि वाटायचा हक्क दिलाय. पण डबा उघडायलाच कुणी नसेल तर नुसता हक्क घेऊन करायचं काय?

तेव्हा मंडळी, या दिवाळीला गावी जाल तेव्हा फराळाबरोबर चिमूटभर बीही मागून आणा. नाव विचारून ठेवा. आणि आणलेलं बी निदान दोघांना तरी वाटा. एकाच मशीनवर बॅकअप ठेवत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?