नंबर डॉक्टरांचा, भिंगाची निवड आपली

चष्मा करायला गेले की सगळा वेळ फ्रेम पाहण्यातच जातो. चेहऱ्याला कोणती शोभेल, यावर घरातल्या सर्वांचे मत घेतले जाते. भिंगाची पाळी आली की मात्र दुकानदार म्हणेल त्याला मान डोलावून आपण मोकळे होतो. खरे तर नजर सांभाळते ते भिंग. नंबर डॉक्टर लिहून देतात. पण त्या नंबराचे कोणते भिंग घ्यायचे, हे आपल्या रोजच्या कामावरून ठरवायला हवे.

चेन्नईच्या गिंडी भागाचेच पाहा. 1958 साली सुरू झालेली तिथली औद्योगिक वसाहत देशातल्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक. जवळच 1794 सालच्या सर्वेक्षण शाळेतून वाढलेले अभियांत्रिकी महाविद्यालय. लेथवर उभा राहणारा कामगार, संगणकासमोर बसणारी विद्यार्थिनी आणि भर उन्हात स्कूटरवरून फिरणारा विक्रेता, असे तिघेही अशा परिसरात भेटतात. तिघांचा नंबर उणे दोनच निघाला, तरी तिघांना एकच भिंग सोयीचे होणार नाही.

लेथवर धातूचा कण उडतो. काचेचे भिंग फुटले तर तुकडे थेट डोळ्यात जातात. म्हणून तिथे पॉलिकार्बोनेटचे भिंग हवे. मात्र साधा चष्मा बाजूंनी उघडा असतो. कामाच्या वेळी बाजूंनी झाकणारा सुरक्षा चष्मा हवाच. खेळकर मुलांनाही पॉलिकार्बोनेटच घ्यावे. त्यावर चरे लवकर पडतात, तेव्हा कठीण लेप असल्याची खात्री करा.

विद्यार्थिनीला साधे प्लास्टिकचे, सीआर-39 भिंग पुरते. ते काचेच्या सुमारे निम्म्या वजनाचे असते. पातळ, महाग भिंगाचा फायदा नंबर मोठा असेल तेव्हाच जाणवतो. अँटी-ग्लेअर लेपामुळे दिव्यांची चमक कमी होते. रात्री गाडी चालवणाऱ्यांनाही तो उपयोगी. निळा प्रकाश अडवणाऱ्या भिंगासाठी मात्र जास्त पैसे मोजण्यापूर्वी विचार करा. 2023 मध्ये कॉक्रेन संस्थेने 17 चाचण्यांचा आढावा घेतला. या भिंगांमुळे डोळ्यांचा ताण कमी होतो, असे त्यात दिसले नाही. त्यापेक्षा दर 20 मिनिटांनी 20 सेकंद दूर पाहावे आणि पापण्या मिटत राहाव्यात.

उन्हात फिरणाऱ्याला रंग बदलणारी भिंगे आवडतात. पण कडक उष्म्यात ती कमी गडद होतात आणि मोटारीच्या काचेआड फारशी रंगतच नाहीत. गडद रंगापेक्षा अतिनील किरण अडवण्याची 'यूव्ही 400' ही खूण महत्त्वाची. ती नसेल तर गडद भिंगामागे बाहुली मोठी होते आणि ते किरण उलट जास्त आत जातात.

घरातल्या आजीआजोबांचा विचार वेगळा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून खाली पाहताना वाचनाचा भाग मध्ये येतो आणि जिन्याची पायरी धूसर दिसते. एका चुकलेल्या पायरीने खुब्याचे हाड मोडू शकते. त्यांना बाहेर फिरण्यासाठी केवळ दूरच्या नंबराचा वेगळा चष्मा करून द्यावा.

पुढच्या वेळी फ्रेमला हात लावण्याआधी दुकानदाराला सांगा: काम काय, किती तास, रात्री गाडी चालवता का, उन्हात किती फिरता. मगच भिंगाची किंमत विचारा. महाग भिंग प्रत्येकाला लागत नाही; कामाला योग्य भिंग मात्र प्रत्येकाला लागते.