मुदत संपण्याआधी

आखातात राहणाऱ्याला मुदत म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पासपोर्ट, सीपीआर, व्हिसा यांच्या तारखा घरोघरी तोंडपाठ असतात. संगणकांचेही तसेच. ‘ही बँक खरोखर तीच बँक’ अशी ग्वाही देणारे डिजिटल प्रमाणपत्र ठरल्या दिवशी बाद होते. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले असेच एक बाद झाले आणि ब्रिटनमध्ये ओटूच्या लाखो ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट बंद पडले.

संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून ३९८ दिवसांवरून २०० वर, तर १५ मार्च २०२९ पासून ४७ वर येते. वहीत तारखा लिहून हे निभणार नाही.

बहरीनमध्ये २०१९ साली ॲमेझॉनची क्लाउड सेवा सुरू झाली. ती स्वतः दिलेली प्रमाणपत्रे सहसा आपणहून नवी करते. बाहेरून आणून बसवलेली करत नाही. त्यांच्यासाठी ४५ दिवस आधीपासून रोज इशारा निघतो. तो मेलवर घेतात, आणि मेल जातो कधीच मायदेशी परतलेल्या माणसाला! इथल्या आयटी विभागांतल्या आपल्या मुलांनी त्या इशाऱ्याला प्रोग्रॅमच जोडावा: नवे प्रमाणपत्र मागवणे, बसवणे, साइट उघडून तपासणे. काही अडले तरच माणसाला हाक, तीही एकट्याला नव्हे, सगळ्या चमूला.

४७ दिवसांच्या प्रमाणपत्राला ४५ दिवस आधीचा इशारा म्हणजे बारशाआधीच घंटा. तो आकडा कमी करता येतो. वेळेत करून घ्या.