नागरिकत्वाची शपथ आणि मेजापलीकडील अधिकारी

अमेरिकेचे नागरिकत्व मागणाऱ्या स्थलांतरितांची परीक्षा तेथील सरकारने अलीकडे अधिक अवघड केली आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यास शासनव्यवस्था व इतिहास यांवरील १२८ प्रश्नांची तयारी करावी लागते. त्यांपैकी २० पर्यंत प्रश्न तोंडी विचारले जातात आणि १२ उत्तरे बरोबर यावी लागतात. पूर्वी १०० प्रश्नांतून दहा विचारीत व सहा बरोबर आली की पुरे होत असे. ज्या कुटुंबांतील मुलगा वा लेक तिकडे स्थायिक होऊ पाहत आहे, त्यांच्या घरी या बदलाची चर्चा होणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र वाचकांचे लक्ष परीक्षार्थीकडे नव्हे, तर मेजाच्या पलीकडे बसून प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्याकडे वेधू इच्छितो.

हा अधिकारी तेथील संघराज्य सरकारचा मुलकी सेवक असतो. तो कोणत्या पक्षाचा, हे त्यास विचारले जात नाही. राष्ट्राध्यक्ष बदलला म्हणून तो घरी जात नाही. सेवेत रुजू होताना तो शपथ घेतो ती संविधानाचे सर्व शत्रूंपासून, मग ते परकीय असोत वा स्वदेशी, रक्षण करण्याची. समोरचा स्थलांतरित उत्तीर्ण झाला की त्याच्या शपथेतही जवळजवळ हेच शब्द येतात. दोघांच्याही शपथेत राष्ट्राध्यक्षांशी एकनिष्ठ राहण्याचा उल्लेख नाही. स्थलांतरिताच्या शपथेत एक कलम अधिक असते: पूर्वीच्या देशावरील निष्ठेचा त्याग. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. पुढे ओसीआय कार्ड मिळाले तरी येथे मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वाडीशी जीव जडलेल्या आमच्या लोकांनी एवढे तरी आधी जाणून घ्यावे.

अमेरिकेतील सरकारी सेवक पूर्वीपासून असा निःपक्ष नव्हता. १८२९ मध्ये अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाल्यापासून निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने आपल्या माणसांना सरकारी जागा वाटून देण्याची प्रथा बळावली. त्याच शतकाच्या मध्यास दुष्काळाने गांजलेले आयरिश कॅथलिक लाखोंच्या संख्येने अमेरिकेच्या बंदरांत उतरले. त्यांच्याविरुद्ध ‘नो नथिंग’ नावाने ओळखला जाणारा पक्ष उभा राहिला. नागरिकत्वासाठी एकवीस वर्षांच्या वास्तव्याची अट घालावी आणि कॅथलिकांना व परदेशात जन्मलेल्यांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवावे, असा त्याचा आग्रह होता. धर्माच्या आधारे कोणत्याही पदासाठी कसोटी लावू नये, असे संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिलेले असताना हे चालले होते.

तथापि आपल्या धर्मबांधवांची बाजूही सर्वस्वी निष्कलंक नव्हती, हे आम्ही दडवून ठेवणार नाही. न्यूयॉर्कमध्ये ‘टॅमनी हॉल’ या राजकीय संघटनेने या आयरिश मंडळींना हाताशी धरले. नवागताला घाईघाईने नागरिकत्व मिळवून द्यायचे, पोलिसांत वा नगरपालिकेत चिकटवायचे आणि मोबदल्यात त्याचे मत पक्के करायचे, असा तो व्यवहार. १८६८ च्या निवडणुकीपूर्वी तेथील मर्जीतल्या न्यायाधीशांनी काही आठवड्यांत हजारोंना नागरिक करून टाकले. उपाशी माणसाला भाकरी मिळाली हे खरे. पण नागरिकत्व आणि नोकरी या दोन्ही गोष्टी पुढाऱ्याच्या खिशात गेल्या. ज्याने दिले तो काढूनही घेऊ शकत होता.

ही प्रथा मोडायला एका राष्ट्राध्यक्षाचा बळी पडावा लागला. पॅरिस येथे वाणिज्यदूत म्हणून नेमणूक व्हावी यासाठी खेटे घालणाऱ्या चार्ल्स गिटो याने २ जुलै १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यातून १८८३ चा पेंडलटन कायदा आला. स्पर्धापरीक्षेने नेमणूक करावी आणि राजकीय कारणासाठी कोणास काढू नये, हे त्याचे सूत्र. आरंभी जेमतेम दहा टक्के पदांना तो लागू होता. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली.

या सेवेचे दार नागरिक नसलेल्यांना मात्र बहुतांशी बंदच राहिले. चीनमध्ये अभियंता असलेले माउ सुन वाँग सॅन फ्रान्सिस्कोत कायदेशीररीत्या राहत होते. त्यांना सरकारी कचेरीतील झाडलोटीचे कामही नाकारण्यात आले. चार सहकाऱ्यांसह ते न्यायालयात गेले. मुलकी सेवा आयोगास स्वतःच्या अधिकारात असा सरसकट नियम करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जून १९७६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्यांचा आनंद तीन महिनेच टिकला. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी स्वतःच्या सहीने तीच बंदी पुन्हा लागू केली. कायम वास्तव्याचा परवाना असलेला माणूस कर भरतो, सैन्यात भरती होऊ शकतो. पण संघराज्याच्या कचेरीत केर काढण्यासाठी त्याने आधी नागरिक व्हावे, ही विसंगती आम्हास आजही उलगडत नाही. उलट एकदा नागरिक झाले की वाट बरीच मोकळी होते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९८८ मध्ये अमेरिकन नागरिक झाले आणि २०२२ मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधीगृहात निवडून गेले. त्यासाठी सात वर्षांचे नागरिकत्व पुरते. राष्ट्राध्यक्षपद मात्र जन्मतः नागरिक असलेल्यांसाठी राखीव आहे.

आता पुन्हा मेजापलीकडील माणसाकडे वळू. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून, धोरणावर प्रभाव टाकणाऱ्या पदांवरील सेवकांचा वेगळा वर्ग करण्याचे ठरविले. या वर्गातील सेवकाला काढणे पुष्कळ सोपे होते. सुमारे पन्नास हजार पदे त्यात येतील, असा अंदाज सरकारनेच त्या वर्षी दिला. लोकांनी निवडलेल्या राष्ट्राध्यक्षाचे धोरण न निवडलेल्या अधिकाऱ्यांनी अडवू नये, हा सरकारचा युक्तिवाद. तो पूर्णतः त्याज्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. अडून बसलेला बाबू कोणास ठाऊक नाही? परंतु काढून टाकण्याच्या भीतीचा उपयोग कोठे होतो हे पाहावयाचे असेल, तर स्थलांतरितांच्या न्यायालयांकडे पाहावे.

कोणास देशाबाहेर घालवावे आणि कोणास आश्रय द्यावा, याचा निवाडा करणारे हे ‘न्यायाधीश’ वस्तुतः स्वतंत्र न्यायसंस्थेत मोडत नाहीत. ते न्याय खात्याचे नोकर असतात आणि त्यांचे वरिष्ठ म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले अॅटर्नी जनरल. त्यांच्या निर्णयावरील पहिले अपीलही त्याच खात्यातील मंडळाकडे जाते. २०२५ मध्ये अशा अनेक न्यायाधीशांना सेवेतून काढण्यात आले. मुलाबाळांसह समोर उभ्या असलेल्या माणसाच्या कागदपत्रांकडे पाहताना उरलेल्यांच्या मनात स्वतःच्या नोकरीचा विचार येत नसेल, असे आम्हास वाटत नाही.

अमेरिकेतील बिशपांनी १२ नोव्हेंबर २०२५ रोजी बाल्टिमोर येथील अधिवेशनात विशेष निवेदन संमत केले. सीमांचे नियमन करण्याचा राष्ट्राचा हक्क मान्य करूनही लोकांच्या सरसकट हद्दपारीस त्यांनी विरोध दर्शविला. बाजूने २१६, विरोधात ५ व तटस्थ ३ अशी मते पडली. एरवी अनेक बाबींत मतभिन्नता असलेल्या या परिषदेत इतके ऐक्य क्वचितच दिसते.

या न्यायालयांत गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. तेथील बिशपांनी १९८८ मध्ये स्थापन केलेले कॅथलिक लीगल इमिग्रेशन नेटवर्क हे अल्प मोबदल्यात कायदेशीर साहाय्य देणाऱ्या संस्थांना प्रशिक्षण व आधार पुरवते. ज्यांचे आप्त तेथे अडचणीत असतील त्यांनी, मध्यस्थाच्या हाती पैसे देण्यापूर्वी, आप्तांना तेथील धर्मग्रामात याविषयी चौकशी करण्यास कळवावे.